ट्यूब की सॉलिड स्टेट? माझं जळगावच्या मे महिन्यात ठरलं

ट्यूबवाला (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांवर चालणारा) आणि सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवाला) असे दोन्ही अँप, म्हणजे अँप्लिफायर, माझ्याकडे वर्षभर एकाच टेबलावर होते, स्पीकरही तेच, त्यामुळे कुणी विचारलं कुठला घेऊ तर मी आधी विचारतो, राहता कुठे आणि ऐकता काय.

माझं ऐकणं म्हणजे जास्त करून ख्याल, तेही रात्री दहानंतर, घर शांत झाल्यावर. ट्यूबवाला सिंगल एंडेड होता, म्हणजे एका बाजूच्या स्पीकरला एकच पॉवर ट्यूब, अशा दोन ईएल34 जातीच्या ट्यूबा, जेमतेम आठ वॅट. आवाजाबद्दल खरं सांगतो, तानपुरा त्याच्यावर जसा खोलीभर पसरायचा तसा मला अजून दुसरीकडे मिळालेला नाही, खर्जाची तार सुटली की जवारी, म्हणजे तारेची ती झणझण, उलगडत जाते आणि सारंगी कानाला टोचत नाही. असा अँप मूळ सुरात दुसऱ्या हार्मोनिकची भर घालतो, म्हणजे तोच स्वर वरच्या सप्तकातला, म्हणून ती भेसळ असूनही कानाला गोडच लागते.

डग्गा मात्र सॉलिड स्टेटवरच ऐकावा. ट्यूबवर घुमारा जरा लांबतो, स्पीकरच्या पडद्यावर अँपची पकड कमी पडते, द्रुत तीनतालात तर बोल एकमेकांत मिसळायला लागतात. माझा सॉलिड स्टेट क्लास एबीवाला (गाण्याच्या मानाने करंट खाणारा), तो तिथे स्वच्छ, थाप पडली की पडली, संपली की संपली. निदान माझ्या स्पीकरवर तरी, तुमचे 95 डीबी सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे थोड्या वॅटमध्येही मोठ्याने वाजणारे, मोठे स्पीकर असतील तर कदाचित वेगळं ऐकू येईल.

इथपर्यंत मी ट्यूबच ठेवला असता. पण उन्हाळा आला. आमची खोली गच्चीखालची, मे मध्ये दिवसा 43-44 आणि स्लॅब रात्री अकरापर्यंत गरमच. त्यात हा अँप क्लास ए, गाणं वाजो न वाजो तेवढाच करंट खाणार. एका ईएल34 च्या नुसत्या हीटरलाच 6.3 व्होल्टवर दीड अँपिअर लागतात, म्हणजे साडेनऊ वॅट, ट्यूबमधल्या प्लेटची उष्णता वेगळीच. अर्ध्या तासात ट्रान्सफॉर्मरच्या कव्हरवर हात टिकायचा नाही आणि वरच्या फळीवरच्या सीडींची कव्हरं कोमट लागायची. मग कूलर लावा. आता विलंबित सुरू होताना पहिला षड्ज किती हळू येतो तुम्हाला माहितीये, तो त्या घरघरीत सापडेचना, आणि ज्या तानपुऱ्यासाठी ट्यूब घेतली तो तर पार बुडाला. कूलर बंद केला की दहा मिनिटांत पाठ भिजायची, मग अँप बंद करायचा. त्यात मध्येच लाईट जायची, आली की ट्यूबा तापेपर्यंत परत थांबा. सलग तीन आठवडे एकही राग शेवटपर्यंत ऐकला नाही, हे मला फार लागलं.

सॉलिड स्टेट तासभर वाजला तरी हाताला कोमट, म्हणून कूलर खिडकीबाहेर एक नंबरवर चालतो आणि आलाप ऐकू येतो. (क्लास ए ट्रान्झिस्टर घेत असाल तर हे विसरा, तोही शेगडीच असतो.)

ट्यूब बदलण्याचा खर्च फार वाटत नाही, पण मॅच्ड पेअर, म्हणजे मोजून जुळवलेली जोडी, हवी असते आणि काही अँपमध्ये नव्या ट्यूबा टाकल्या की बायसही (ट्यूबमधून जाणारा करंट नीट लावणं) करून घ्यावा लागतो. एक मात्र ऐका, खालचं कव्हर स्वतः उघडू नका, स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तीन-चारशे व्होल्ट राहू शकतात.

एसीची शांत खोली आहे, रोज ठरलेल्या वेळी बसता, गायकी आणि तंतुवाद्यच ऐकता, तर ट्यूब घ्या, मी अडवणार नाही. बाकीच्यांना मी सॉलिड स्टेटच सांगेन, आणि उरलेले पैसे स्पीकरला लावा म्हणेन. आणि ट्यूब ऐकायला जाणार असाल तर दुकानाच्या एसीत पंधरा मिनिटं ऐकून ठरवू नका, कुणा ओळखीच्याच्या घरी एप्रिल-मे मध्ये जा आणि एक पूर्ण विलंबित ऐका.