उल्लास साक्षरता वर्ग: मदत करण्याआधी वाचा
15 वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी केंद्राचा हा कार्यक्रम 2022 पासूनचा. शिकणाऱ्याला फी नाही, शिकवणाऱ्याला मानधन नाही. परीक्षा 150 गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी 50, आणि प्रत्येकात 33 टक्के हवेतच. आखणी चांगली आहे. गळती होते ती वर्गात. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसतं, 'घ' आणि 'ध' सारखेच भासतात, मग शिकायला आलेली बाई म्हणते, "माझं डोकंच चालत नाही." म्हणून संस्थेला देणगी द्यायचीच तर आधी वाचायचे चष्मे, पाट्या-पेन्सिली नंतर. चाळीत पाणी येण्याच्या वेळी वर्ग ठेवला तर कुणी फिरकत नाही, हे वेगळं सांगायला नको. सरावाला बेस्टच्या बसवरचे मराठी आकडे, रेशनकार्ड, बँकेतून पैसे काढायची स्लिप. नुसत्या सहीपाशी थांबणारा वर्ग आम्ही तरी नापासच धरतो.