बेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकले, अर्धं पाण्यात अर्धं लोकलमध्ये

दादरच्या एका पूलवर मोठ्यांची २१ दिवसांची सकाळची बॅच केली. नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार पण आहे.

हातपाय मारणं आठवड्यात जमलं पण श्वास घेताना दर वेळी मान वर काढायचे, मान वर गेली की कंबर खाली आणि मग नाकातोंडात पाणी. सर म्हणाले, "ताई, घरी रोज पाच मिनिटं डोळे मिटून पोहा." मला वाटलं गंमत करतायत. तरी केलं, आणि दोन दिवसांनी आणखीच बिघडलं! सरांनी विचारलं डोळे मिटल्यावर काय दिसतं, म्हटलं मीच दिसते की, काठावरून बघावं तशी, आणि हो, मान वर काढतानाच दिसते. म्हणजे मी चुकीचीच प्रॅक्टिस करत होते, तीही न चुकता रोज.

मग त्यांनी नीट सांगितलं. बाहेरून बघून हात कसा दिसतो ते कळतं, श्वास कधी घ्यायचा ते आतूनच कळतं. एक कान पाण्यात, खांदा वळतोय, त्याच्याबरोबर मान आपोआप वळतेय, तोंडाचा कोपरा जेमतेम बाहेर. वेग खऱ्या पोहण्याइतकाच, स्लो मोशन नाही. मी हे दादर-अंधेरी लोकलमध्ये करायचे, एकदा शेजारच्या काकू म्हणाल्या, "मान धरलीय का गं? बाम देऊ?"

सर उठसूट अमेरिकन पोहणारा मायकेल फेल्प्सचं सांगतात. २००८ बीजिंग ऑलिंपिक, २०० मीटर बटरफ्लाय, गॉगलमध्ये पाणी भरलं, काही दिसेना, तरी स्ट्रोक मोजत गेला आणि १:५२.०३ चा वर्ल्ड रेकॉर्ड, कारण काय बिघडू शकतं तेसुद्धा मनात आधीच पोहून झालेलं. खरंय, पण तो लहानपणापासून पाण्यात होता हो, आम्ही सोमवारी सुट्टी मारायचो. आणि सुट्टीच्या दिवशी नुसतं डोळे मिटून मला काहीच नवीन आलं नाही, दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरल्यावरच ते बसायचं. सोळाव्या दिवशी २५ मीटर न थांबता गेले.

आता तक्रार. एका सरांमागे पंचवीस जण, स्वतःहून विचारलं नाही तर तुमच्याकडे बघणार पण नाहीत. दोन शॉवरपैकी एक कायम बंद. मे महिन्यात तर जाऊच नका, पोरं अंगावर उड्या मारतात.