पीव्हीए कण: स्वस्त, भरवशाचे, पण गुठळीची खोड

टीबीने खराब झालेल्या फुप्फुसातून खोकल्यावाटे भरपूर रक्त पडत असेल, तर ब्राँकियल आर्टरी (श्वासनलिकांना रक्त पुरवणारी धमनी) आतून बंद करायला पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) या प्लास्टिकचे कण अजूनही उत्तम. साइज साधारण 300–500 मायक्रॉन घ्या. फार बारीक कण शंटमधून (रक्तवाहिन्यांमधल्या आडवाटेतून) पलीकडे निसटतात, नाहीतर अन्ननलिकेचाच रक्तपुरवठा तोडतात.

कण वेडेवाकडे असल्याने एकमेकांत अडकतात, ही यांची जुनी खोड. कणांची गुठळी झाली की मायक्रोकॅथेटर (धमनीत घातलेली बारीक नळी) तुंबतो किंवा धमनी हव्या त्या जागेच्या अलीकडेच बंद होते. अँजिओत काम फत्ते दिसतं आणि रक्त पुन्हा सुरू. म्हणून कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारा द्रव) आणि सलाइनमध्ये चांगले पातळ करा, थ्री-वेला (तीन तोंडांच्या तोटीला) लावलेल्या दोन सिरिंजमध्ये मिश्रण सतत खेळवत ठेवा, आणि 1 मिलीच्या सिरिंजने थोडंथोडं सोडा. जोर लागू लागला तर रेटू नका; कॅथेटर बाहेर काढून साफ करा. कण स्वतः एक्स-रेत दिसत नाहीत. कॉन्ट्रास्टचा वेग मंदावतोय का, एवढंच बघायचं.

आधीच्या अँजिओत मधोमध वर चढून केसाच्या पिनेसारखी वळलेली बारीक धमनी दिसली, तर ती स्पायनल, म्हणजे मज्जारज्जूला रक्त पुरवणारी. कॅथेटर तिच्या फाट्यापुढे नेता येत नसेल, तर कणांची व्हायल (बाटली) फोडूच नका.

पीव्हीएऐवजी गोल कण (मायक्रोस्फिअर) घेतले तर ते कमी तुंबतात, बिल मात्र फुगतं.