वेरूळ रस्त्यावरचं मर्दानी खेळ शिबिर: लेकरांना घेऊन जाण्याआधी

दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ या पट्ट्यात सुट्टीतल्या कृषी पर्यटनाला आता मर्दानी खेळांचीही जोड मिळाली आहे. त्यातलं वेरूळच्या अलीकडं, मुख्य रस्त्यापासून थोडं आत शेतात भरणारं सकाळचं अडीच तासांचं कौटुंबिक सत्र आम्हाला पसंत पडलं. कारण एकच. इथले वस्ताद पहिला अर्धा तास कुणाच्या हातात लाठी देत नाहीत.

लाठी हाताने फिरते, पण तिला तोलून धरतात पाय. म्हणून आधी सलामी, मग पवित्रा: पाय खांद्यापेक्षा थोडे जास्त फाकलेले, गुडघे सैल, वजन पंजांवर. त्यानंतर मुरमावर चुन्याने आखलेल्या चौकात पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं पावलं टाकायची. वळताना पायात पाय आला की वस्ताद तिथंच थांबवतात आणि तेच पाऊल पुन्हा करून घेतात. यात कंटाळणारी लेकरं असतात, पालक तर त्याहून लवकर कंटाळतात. पण फिरती लाठी अंगाला आपल्याकडं ओढते, आणि पाय अडकलेले असले तर पुढचा फटका स्वतःच्याच घोट्यावर किंवा कानावर बसतो. फोटोपुरती लाठी हातात देऊन मोकळे होणारे आयोजक नेमकं हेच गाळतात.

लाठी मापून मिळते, हे दुसरं चांगलं. सरळ उभं राहिल्यावर ती कानापर्यंत यायला हवी. आठ-नऊ वर्षांच्या लेकराला साधारण साडेतीन फूट, मोठ्या माणसाला पाच फुटांच्या आसपास. जाडी अशी हवी की मुठीत धरल्यावर अंगठा आणि बोट एकमेकांना टेकावेत. लाठ्या भरीव बांबूच्या आहेत. पोकळ बांबू हलका म्हणून लेकरांना आवडतो, पण लाठीवर लाठी आपटली की उभा चिरतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तर तेल न पाजलेला बांबू नुसता ठेवून दिला तरी तडकतो. इथं जवसाचं तेल लावतात, ते हाताला कळतं. घेण्याआधी टोक जमिनीवर आपटून आवाज ऐका. खणखणीत आला तर ठीक, फुटका आला तर परत ठेवा. लहान मापाच्या काही लाठ्यांची पेरं मात्र नीट घासलेली नाहीत. वरपासून खालपर्यंत रुमाल फिरवून बघा. रुमाल अडकला तर दुसरी मागा, नाहीतर सत्रभर तळहातातली सल काढत बसावं लागेल.

पहिला हात म्हणजे मध्यावर धरून अंगाच्या दोन्ही बाजूंनी आठच्या आकड्यासारखं फिरवणं. इथं बहुतेकांचं एकच चुकतं: मूठ आवळली जाते. मूठ आवळली की मनगट वळत नाही आणि लाठीचं मागचं टोक काखेत घुसतं. ‘मूठ सोड, कडी कर,’ असं वस्ताद म्हणतात तेव्हा अंगठा आणि पहिल्या दोन बोटांची सैल कडी करायची, उरलेली बोटं नुसती साथीला. एवढा बदल केला की दहा मिनिटांत लाठीचा सूं सूं आवाज यायला लागतो. दोन माणसांत किमान १२ फूट अंतर ठेवतात. मोठ्यांच्या पाच फुटी लाठ्यांना ते लागतंच, त्यामुळं पालकांनी मोबाईल घेऊन मध्ये घुसू नये.

सत्रातला सगळ्यात कसदार भाग फरीगदग्याचा. गदगा म्हणजे चामडं चढवलेली काठी, फरी म्हणजे छोटी चामडी ढाल. तलवारीचा सराव पूर्वापार याच्यावरच होत आला आहे. तीन वार शिकवतात: शिर म्हणजे डोक्यावर, तमाचा म्हणजे समोरच्याच्या डाव्या गालाकडं, बाहेरा म्हणजे त्याच्या उजव्या खांद्याकडं. मारणाऱ्याने वाराचं नाव आधी मोठ्याने घ्यायचं, मगच हात उचलायचा. आई विरुद्ध मुलगी, बाप विरुद्ध मुलगा अशा जोड्या लावतात आणि इथं लेकरं मोठ्यांपेक्षा पटकन शिकतात. मोठे गदग्याकडं बघत राहतात. बघायचं असतं समोरच्याच्या खांद्याकडं, कारण वार आधी तिथं हलतो. फरी छातीला चिकटवून धरणं ही दुसरी चूक. वार बसला की तीच फरी हनुवटीवर आदळते, म्हणून ती वीतभर तरी पुढं हवी. डोक्याला क्रिकेटचं हेल्मेट देतात, पण लहान मापाची कमी पडतात. घरी असेल तर सोबत न्या.

दांडपट्ट्याबद्दल मात्र तक्रार आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने त्याला राज्यशस्त्राचा दर्जा जाहीर केला, तेव्हापासून प्रत्येकाला पट्ट्यासोबत फोटो हवा असतो, आणि इथला पट्ट्याचा भाग त्या फोटोतच संपतो. पट्ट्याची मूठ खोबळ्याच्या, म्हणजे हातावर चढणाऱ्या धातूच्या आवरणाच्या, आत आडवी असते आणि खोबळा कोपराकडं जातो, म्हणून मनगट जखडलं जातं. वार काढायचा तो खांद्यातून आणि कमरेतून. हे समजावून सांगायला निदान पाऊण तास हवा, इथं २० मिनिटं मिळतात. खोबळे सगळे मोठ्यांच्या मापाचे आहेत. लेकराचा हात आत घसरतो, पकड बसत नाही आणि लवचीक पातं भरकटतं. बोथट असलं तरी पातं ते पातंच. बारा वर्षांखालच्यांना पट्टा देऊच नये, असं आम्ही स्पष्ट सांगू. वस्तादांनी पट्ट्याने जमिनीवरचं लिंबू कापून दाखवणं मात्र बघण्यासारखं आहे. बघताना दोरीला खेटून उभं राहू नका. ती दोरी आयोजकांनी अजून चार पावलं मागं न्यायला हवी.

शेवटी कुस्तीचा हौदा. काळ्या रानातली माती वाळली की दगडासारखी होते, म्हणून बाहेरून तांबडी माती आणून त्यात तेल, ताक, हळद मिसळली आहे. लेकरं त्यातून निघायला तयार होत नाहीत. बदलायचे कपडे आणि टॉवेल न्याच.

वेळ सकाळी साडेसहाचीच घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे मध्ये नऊनंतर मुरूम तापतो आणि अनवाणी उभं राहवत नाही. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, तो दिवस सत्रासाठी ठेवा आणि नंतर शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांची गढी बघा. मर्दानी खेळ म्हटलं की आधी कोल्हापूर आठवतं, पण मालोजीराजांची पाटीलकी वेरूळची. ही विद्या या मातीत पुन्हा रुजावी असं आम्हाला मनापासून वाटतं. हंगामात तिथंच हुरडा मिळतो, त्याचे पैसे वेगळे. हुरडा सत्रानंतरच खा. भरल्या पोटी पवित्र्यात बसवत नाही. अंगठ्या, घड्याळं, काचेच्या बांगड्या घरी ठेवा, ओढणी कमरेला घट्ट बांधा. आठ वर्षांखालच्या लेकरांना हौद्यापुरतंच न्यावं.

निघताना लाठ्या विकायला असतात. लेकराच्या आजच्या मापापेक्षा चार बोटं जास्त लांब घ्या, दोन वर्षं चालेल. घरी महिन्यातून एकदा जवसाचं तेल पुसा आणि लाठी भिंतीला तिरकी टेकवून न ठेवता आडवी ठेवा, नाहीतर वाकते. विमानाने परतणार असाल तर ती हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनमध्येच द्यावी लागते.