दोन विंग, दोन प्रकारची कार्डं: फक्त रीडर बदलायचे की सगळं नवं?

घोडबंदर रोडवर टप्प्याटप्प्याने उभ्या राहिलेल्या संकुलांत हा पेच हमखास येतो. जुन्या विंगच्या लॉबीत दार उघडायला १२५ किलोहर्ट्झची साधी ईएम कार्डं, नव्या विंगमध्ये १३.५६ मेगाहर्ट्झची मायफेअर कार्डं, क्लब हाऊसच्या दाराला तिसऱ्याच कंपनीचा कंट्रोलर (रीडरने वाचलेला नंबर तपासून दार उघडणारं यंत्र). एकच कार्ड सगळीकडे चालावं ही रहिवाशांची मागणी, आणि कमिटीपुढे दोन कोटेशन: एकात फक्त रीडर बदलायचे, दुसऱ्यात सगळंच नवं.

रीडर बदलणं स्वस्त. दोन्ही फ्रिक्वेन्सी वाचणारा रीडर मिळतो, जुन्याच वायरवर विगँडने (रीडरकडून कंट्रोलरला नंबर पाठवण्याची जुनी पद्धत) चालतो, आणि बहुतेक कंट्रोलर विगँड घेतात. पण ‘विगँड आहे म्हणजे जुळणारच’ हे व्हेंडरचं म्हणणं अर्धंच खरं. ईएम कार्डावर छापलेले आकडे बघा: समजा ००१२३४५६७८ आणि शेजारी १८८,२४९१०. नंबर एकच, लिहिण्याच्या पद्धती दोन. २६ बिटच्या विगँडमध्ये ८ बिट फॅसिलिटी कोडचे (कार्डांच्या गटाचा क्रमांक), १६ कार्ड नंबरचे, उरलेले २ पॅरिटीचे, म्हणजे चूक पकडण्यासाठीचे. म्हणजे १८८ आणि २४९१०. कंट्रोलर फॅसिलिटी कोड न तपासता फक्त २४९१० बघत असेल, तर १८९,२४९१० हे परकं कार्डही दार उघडेल. मायफेअरचा नंबर किमान ४ बाइटचा, २६ बिटमध्ये त्यातला एक बाइट गळतो. ३४ बिट लावले तर चारही बाइट जातात, पण काही रीडर ते उलट्या क्रमाने पाठवतात आणि एका विंगमध्ये नोंदवलेलं कार्ड दुसऱ्या विंगला ओळखता येत नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी नमुन्याचा रीडर प्रत्येक कंट्रोलरला जोडून, तेच कार्ड लावून, लॉगमधला नंबर जुळवून घ्याच.

शिवाय जुनी कार्डं तशीच राहिली तर सुरक्षा तसूभरही वाढत नाही. ईएम कार्ड आपला नंबर कोणत्याही रीडरला सांगतं, त्याची नक्कल सहज होते. मायफेअर क्लासिकचं एन्क्रिप्शन संशोधकांनी २००८ मध्येच फोडलं.

सगळं नवं करायचं तर एईएस हे मजबूत एन्क्रिप्शन वापरणारी डेसफायर कार्डं आणि विगँडच्या जागी ओएसडीपी, म्हणजे रीडर आणि कंट्रोलरमधली आरएस-४८५ प्रकारच्या वायरवर चालणारी दुतर्फी पद्धत, जी २०२० मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक झाली. विगँडची वायर साधारण १५० मीटरपर्यंत, आरएस-४८५ ची १२०० मीटरपर्यंत. मुख्य गेटपासून मागच्या टॉवरपर्यंतच्या अंतरात हा फरक मोठा आहे. पावसाळ्यात रीडर बंद पडला तर कंट्रोलरला लगेच कळतं. विगँड एकतर्फी असल्याने तिथे बहुधा रहिवाशाची तक्रार आल्यावरच कळतं. मात्र सिक्युअर चॅनल (ओएसडीपीमधली एन्क्रिप्शनची सोय) चालू करून घ्यावा लागतो, नाहीतर ओएसडीपीवरही नंबर उघडाच जातो. जुनी वायर पीळदार जोडीची नसेल तर नवी ओढण्याचा खर्चही धरा.

या कोटेशनमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ बहुतेकदा लिहिलेलीच नसते: डेसफायर कार्डांच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या, म्हणजे गुप्त कोड, कोणाकडे राहणार? त्या व्हेंडरकडेच राहिल्या तर पुढे प्रत्येक नवीन कार्डासाठी आणि रीडरसाठी त्याच्याच दारात जावं लागेल. या किल्ल्या सोसायटीच्या ताब्यात राहतील, हे करारात लिहून घ्या.

माझं मत मधल्या वाटेच्या बाजूने आहे. दोन्ही फ्रिक्वेन्सी वाचणारे, आज विगँडवर आणि उद्या ओएसडीपीवर चालणारे रीडर घ्यावेत. नवीन कार्डं फक्त डेसफायरची द्यावीत आणि रीडर त्यांचा उघडा यूआयडी (कोणत्याही रीडरला दिसणारा कार्डाचा नंबर) नव्हे, आतला सुरक्षित नंबर वाचतील असं सेटिंग करून घ्यावं. ईएम वाचन कोणत्या तारखेला बंद करायचं ते सर्वसाधारण सभेत आधीच ठरवावं. कंट्रोलर बदलायला मुख्य गेटपासून सुरुवात करावी, क्लब हाऊस शेवटी केलं तरी चालेल.