माज थांबला म्हणजे गाय गाभण, असं सांगून मला फसवलं

माझ्या गाईची वार (वासरासोबतची झिल्ली) व्यायल्यावर दोन दिवस पडली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही ती ओढून काढली. ती पहिली चूक, आणि ती माझी. त्यानंतर महिना उलटला तरी गाय बसून उठली की मागे पिवळट पांढऱ्या पुवाचा थापा पडलेला असायचा. व्यायल्यावर सुरुवातीचे दोन आठवडे लालसर-तपकिरी घाण जाते, ते वेगळं. 21 दिवसांनंतरही पू दिसत असेल तर पिशवीत, म्हणजे गर्भाशयात, आजार मुरला, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

अशा वेळी एक जण गोठ्यात आला. स्वतःला जनावरांचा डॉक्टर म्हणवून घ्यायचा. "तीन वेळा पिशवी धुतो, खात्रीने गाभण राहील. अर्धे पैसे आत्ता, अर्धे गाभण राहिल्यावर." या अर्ध्या-अर्ध्याच्या बोलीनेच मी फसलो. मला वाटलं, काम झाल्याशिवाय हा पूर्ण पैसे घेणार नाही.

त्याने पिशवीत औषध सोडलं. बाटलीवरचं लेबल खरवडलेलं होतं. विचारलं तर म्हणाला, "घरचा फॉर्म्युला आहे." पुढच्या माजाला (गाय फळायला तयार होते तो काळ, साधारण दर 21 दिवसांनी येतो) पुन्हा धुतली आणि त्याच माजात, बळस (माजावर मागून येणारा चिकट स्राव) गढूळ असतानाच, गाय भरवली, म्हणजे फळवली. तिसरं धुणं झालंच नाही, कारण पुढे माजच आला नाही. 21 दिवस गेले, 42 गेले. तो येऊन गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "राहिली बघा. आता माज कुठून येणार?" आत हात घालून तपासलं नाही. मी उरलेले पैसे मोजून दिले, घरात सगळ्यांना आनंदाने सांगितलं.

आणखी दोन महिन्यांनी पशुवैद्यक दुसऱ्या जनावरासाठी आले होते, म्हणून हिलाही दाखवली. गुदद्वारातून हात घातला, बराच वेळ चाचपलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. पिशवी मोठी होती, पण वासरू नव्हतं. गाभण गाईत लागते तशी गर्भाची पडदी बोटांतून सरकत नव्हती, वार पिशवीला जोडणाऱ्या आतल्या गाठी लागत नव्हत्या. सोनोग्राफीत पू दिसला. पिशवीत पू साठला की बीजांडकोशावरची पिवळी गाठ (एरवी गर्भ टिकवणारी) विरत नाही, माज येत नाही, पिशवीचं तोंड मिटलेलं राहतं. म्हणजे गाभण गाईसारखंच सगळं दिसतं. पू असताना भरवणं हेच याला निमित्त झालं असावं, असं त्यांनी सांगितलं.

त्यांनी प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं. त्याने पिवळी गाठ विरते, गाय माजावर येते आणि पिशवी स्वतःच घाण बाहेर टाकते. चौथ्या दिवशी सकाळी गोठ्याची जमीन पुवाने भरली होती. हेच इंजेक्शन खरोखर गाभण गाईला दिलं तर गर्भ पडतो, म्हणून आधी तपासणी. गरोदर बाईने आणि दमेकऱ्याने ते औषध हाताळायचंही नाही, कातडीतून शरीरात जातं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो दुधापायी. त्या खरवडलेल्या बाटलीत प्रतिजैविक होतं की नाही, मला आजही माहीत नाही. असेल तर किती दिवस दूध बाजूला ठेवायचं, हे त्याने सांगितलं नाही. ते दूध आमच्या पोरांनी प्यायलं.

आता कोणी पिशवी धुवायला आला तर मी आधी नोंदणी क्रमांक विचारतो, औषधाचं नाव वहीत लिहून घेतो, आणि हात घालून तपासल्याशिवाय गाभण म्हटलेलं ऐकून घेत नाही. तुम्हीही घेऊ नका, गाय कितीही शांत दिसत असली तरी.

पुढच्या दोन माजांना आम्ही भरवली नाही, पशुवैद्यकांनीच थांबायला सांगितलं होतं. तिसऱ्याला बळस काचेसारखी स्वच्छ आली तेव्हा भरवली. काल तपासणी झाली. नाही राहिली. पुढच्या माजाची वाट बघतोय.