नौपाड्यातला बायोलॉजी क्लास: सिनॅप्स एक नंबर, हार्मोन्स मात्र घाईत

बारावी बायोलॉजीसाठी ठाण्यात क्लास शोधताय तर राम मारुती रोडच्या बाजूच्या गल्लीतला हा छोटा क्लास नक्की बघा. मी कळव्याहून येते, ठाणे स्टेशनला उतरून चालत जाते. बॅच लहान आहे, मॅडम सगळ्यांना नावाने ओळखतात आणि डाउट विचारला की चिडत नाहीत. आधी ज्या मोठ्या क्लासला होते तिथे सिनॅप्सची, म्हणजे नर्व्ह जिथे पुढच्या पेशीला सिग्नल देते त्या जोडाची, डायग्राम स्लाइडवर दाखवली, लेबलं पाठ करा म्हणाले आणि पुढे गेले, मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं.

मॅडमनी कंट्रोल अँड को-ऑर्डिनेशन हा चॅप्टर सुरूच केला 1921 च्या ऑटो लोवीच्या प्रयोगापासून. बेडकाची दोन हृदयं, पहिल्याची व्हेगस नर्व्ह (मेंदूकडून हृदयाकडे येणारी) उत्तेजित केली तर ठोके मंदावले, मग त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं तर तेही मंदावलं! म्हणजे नर्व्हमधून काहीतरी केमिकल बाहेर पडलं असणार. तेच अॅसिटिलकोलिन, आणि 1936 ला लोवी आणि हेन्री डेल दोघांना नोबेल मिळालं.

मग फळ्यावर सगळं एकेक करून काढलं, इम्पल्स म्हणजे विजेचा सिग्नल नर्व्हच्या टोकाला पोचतो, कॅल्शियम आत शिरतं, व्हेसिकल्स म्हणजे केमिकलच्या छोट्या पिशव्या पेशीच्या पडद्याला जुळून आतलं केमिकल बाहेर सोडतात, ते 20 ते 40 नॅनोमीटरची फट ओलांडून समोरच्या पेशीच्या रिसेप्टरवर, म्हणजे केमिकल पकडणाऱ्या जागेवर, बसतं. आणि इथे मॅडमनी थांबून विचारलं, हेच अॅसिटिलकोलिन हृदय मंद करतं आणि हातापायाचे स्नायू मात्र आखडवतं, असं का? उत्तर रिसेप्टरमध्ये आहे, हृदयात मस्कारिनिक प्रकारचा, त्या स्नायूंवर निकोटिनिक प्रकारचा. केमिकल तेच, पण घेणारी पेशी त्याचं काय करते हे तिच्या रिसेप्टरवर ठरतं. हे एकदा डोक्यात बसलं की अख्खा चॅप्टर सुटतो, खरंच.

मला सगळ्यात लागलं ते पुढचं. केमिकलचं काम झालं की कोलिनेस्टरेज एन्झाइम ते लगेच तोडतं, नाहीतर सिग्नल थांबणारच नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतात. 2017 ला यवतमाळमध्ये फवारणी करताना शेतकऱ्यांना विषबाधा झाली, त्यातल्या मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांचा शरीरात हाच परिणाम होतो, लाळ, घाम, बाहुल्या बारीक, श्वास अडकतो. अशा विषबाधेवर अॅट्रोपिन का देतात तेही सांगितलं, ते मस्कारिनिक रिसेप्टर अडवून धरतं. त्या दिवशी लेक्चर संपल्यावरही कोणी उठत नव्हतं.

आता कमी काय. हार्मोन्सचा भाग फारच घाईत उरकला. इन्सुलिन रक्तातून लांबच्या पेशींपर्यंत जातं, हिस्टामाइन शेजारच्या पेशींवरच काम करतं, हा फरक दोन मिनिटांत संपला, आणि नॉरअॅड्रेनालिन नर्व्हमधूनही येतं नि अॅड्रिनल ग्रंथीतूनही, यावर तर एक पूर्ण लेक्चर व्हायला हवं होतं. एवढं छान शिकवता येतं तर सिलॅबस संपवायची घाई का करायची? नोट्सच्या झेरॉक्स फिकट आहेत, डायग्राम आपल्या वहीतच काढा. टू-व्हीलर लावायला जागा नाही. एमसीक्यूची प्रॅक्टिस कमी आहे त्यामुळे नीटवाल्यांनी टेस्ट सिरीज वेगळी लावावी.

फी दोन हप्त्यांत घेतात, डेमोला बसू देतात. फोन करून सिनॅप्सचं लेक्चर कधी आहे ते विचारा आणि त्याच दिवशी जा.